ब्रेकर वन-नाइन, मी मिसळ बोलतेय!

तुमच्या मोबाइलमध्ये कॉन्टॅक्ट्स किती? पाचशे? आठशे? आता खरं सांगा, त्यातले किती जण तुमच्या घरापासून दहा मैलांच्या आत राहतात? आणि वीज गेली, नेटवर्क गेलं, तर त्यातल्या किती जणांपर्यंत तुमचा आवाज पोचेल?

माझं उत्तर होतं शून्य. मी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये राहते. मिसिसिपीच्या काठचं शहर. नदीपलीकडे मोलिन, म्हणजे जॉन डिअरच्या ट्रॅक्टरचं मुख्यालय. त्यामुळे पुण्याहून इकडे येणाऱ्या इंजिनीअर मंडळींची इथे कमी नाही. मीही २०१७ मध्ये कोथरूडमधून उठून इथे आले. पहिली तीन वर्षं शरीराने आयोवात आणि फोनवर पुण्यात, अशीच काढली. रोज आईशी व्हिडिओ कॉल, शाळेच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग, गणपतीत ढोलांचं लाइव्ह. आठ हजार मैलांवर कुणाकडे पुरणपोळी झाली ते मला कळायचं. शेजारच्या घरात कोण राहतं, ते मात्र ‘हाय, हाऊ आर यू’च्या पलीकडे माहीत नव्हतं.

मग १० ऑगस्ट २०२० उजाडला. त्या दिवशी आयोवात ‘डेरेचो’ आलं. हे नाव मीही तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. चक्रीवादळ गोल फिरतं, हे वादळांची भिंत करून सरळ पुढे धावतं. ते साउथ डकोटापासून ओहायोपर्यंत सुमारे ७७० मैल धावलं. आमच्याच राज्यातल्या सीडर रॅपिड्समध्ये वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत गेला असावा, असा इथल्या हवामान खात्याचा अंदाज आहे. आमच्या गल्लीत तीन दिवस वीज नव्हती. मोबाइलला रेंज आली तर आली. वाय-फाय तर विसराच.

त्या तीन दिवसांत गल्लीतला एकच माणूस जगाशी बोलत होता. शेजारचे आजोबा, निवृत्त शेतकरी. गॅरेजचं दार उघडून, ट्रॅक्टरच्या बॅटरीला एक जुनाट डबा जोडून ते खुर्ची टाकून बसले होते. कुठल्या रस्त्यावर झाड पडलंय, कुठल्या पंपावर पेट्रोल मिळतंय, कुणाकडे जनरेटर आहे आणि कुणाच्या इन्सुलिनला बर्फ हवाय, हे सगळं त्यांना त्या डब्यातून कळत होतं. एका वहीत ते लिहून ठेवत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तो डबा म्हणजे सीबी रेडिओ. मी त्याच दिवशी ठरवलं, आपल्या घरात हा पाहिजेच!

सीबी म्हणजे काय रे भाऊ?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. नावाप्रमाणेच सामान्य नागरिकांसाठी राखून ठेवलेल्या रेडिओलहरी. अमेरिकेत आजचा सीबी १९५८ मध्ये सुरू झाला. आधी २३ चॅनल होती, १९७७ पासून ४० झाली. २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ हा त्याचा पट्टा.

खरी धमाल झाली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. पेट्रोल-डिझेलची टंचाई आणि वर देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा. कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे ट्रकवाले एकमेकांना सीबीवरून सांगू लागले. बघता बघता सगळ्या देशाला त्याचं वेड लागलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट ममा’ या टोपणनावाने सीबीवर बोलायच्या. १९७७ मध्ये ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा सिनेमा आला आणि सीबी घराघरात पोचला. लायसन्सचे अर्ज इतके वाढले, की शेवटी १९८३ मध्ये सरकारने वैयक्तिक लायसन्सची अटच काढून टाकली. आजही अमेरिकेत सीबीसाठी परीक्षा नाही, फी नाही. सेट घ्या, नियम पाळा आणि बोला.

हॅम रेडिओशी याची गल्लत करू नका. हॅमला परीक्षा द्यावी लागते, कॉल साइन मिळते, ताकदही बरीच जास्त वापरता येते. सीबीला ताकद फक्त ४ वॉट. सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी या प्रकारात १२. आपल्या बाथरूममधला एलईडी दिवाही साधारण एवढंच खातो. पण सपाट मुलुखात, घरावर नीट लावलेल्या अँटेनासकट, तेवढ्यातच दहा-पंधरा मैल आरामात गाठता येतात.

डबा स्वस्त, अँटेना मस्त

‘बेस स्टेशन’ म्हटलं की नासा डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात माझं बेस स्टेशन किचनला लागून असलेल्या टेबलावर, मसाल्याच्या डब्याशेजारी मावतं. एप्रिल २०२१ मध्ये ते सुरू झालं. सगळा खर्च साधारण साडेतीनशे डॉलर, म्हणजे एका बऱ्या फोनपेक्षा कमी. आजोबा माझे गुरुजी. त्यांचा पहिला धडा असा, ‘पैसे रेडिओवर कमी घाल, अँटेनावर जास्त.’

सेट : घरासाठी खास मोठा बेस सेट घ्यायलाच हवा असं नाही. गाडीत लावायचा साधा सेट घरातही तेच काम करतो. मी एसएसबी असलेला घेतला, का ते पुढे सांगते. २०२१ मध्ये इथे सीबीवर एफएमलाही परवानगी मिळाली, त्यामुळे आता तसेही सेट निघालेत.

पॉवर सप्लाय : गाडीतला सेट चालतो १२ व्होल्टच्या आसपास. म्हणून भिंतीतल्या विजेचे १३.८ व्होल्ट करून देणारा पॉवर सप्लाय लागतो. पाच अँपिअरचा भरपूर झाला. त्याच्या शेजारी मी एक १२ व्होल्टची बॅटरीही चार्ज करून ठेवलीय. नुसतं ऐकायला सेट एक अँपिअरसुद्धा खात नाही. वीज गेली तर वायर इकडची तिकडे केली की काम सुरू. ज्या कारणासाठी हा खटाटोप केला, ते कारण ही बॅटरी आहे.

अँटेना : सीबीच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर, म्हणजे ३६ फूट. त्याच्या निम्मा, म्हणजे साधारण १८ फुटांचा फायबरग्लासचा उभा अँटेना घरासाठी झकास. तो जितका उंच, तितका पल्ला लांब. वॉट वाढवण्यापेक्षा फूट वाढवा! बेकायदा अ‍ॅम्प्लिफायर लावणारे महाभाग इथेही आहेत, पण त्याने तुमचा आवाज लांब जातो, तुम्हाला लांबचं ऐकू येत नाही. उंचीला नियम आहे. अँटेनाचं टोक जमिनीपासून ६० फुटांच्या वर नको, किंवा ज्या इमारतीवर तो लावलाय तिच्यापेक्षा २० फुटांहून जास्त नको.

केबल : ५० ओहमचीच. टीव्हीची उरलेली केबल ७५ ओहमची असते, ती वापरायचा मोह टाळा. केबल जेवढी आखूड तेवढी ताकद कमी वाया जाते.

एसडब्ल्यूआर मीटर : हा छोटा मीटर सेट आणि अँटेनाच्या मधे लावायचा. पाठवलेली ताकद अँटेनातून बाहेर जातेय की भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखी परत येतेय, हे तो दाखवतो. दीडच्या खाली आकडा आला तर पार्टी करा, दोनपर्यंत चालेल, तीनच्या वर असेल तर माइकचं बटण दाबूच नका. चॅनल १ आणि चॅनल ४० दोन्हींवर मोजायचं. ४० वर आकडा जास्त असेल तर अँटेना लांब झालाय, १ वर जास्त असेल तर आखूड. तेवढं समजलं की बाकी सगळं पान्याचं काम.

सेफ्टी, नो कॉम्प्रोमाइज : अँटेना उभा करताना तो आडवा पडला तरी विजेच्या तारांना लागणार नाही, इतकं अंतर हवंच. खांबाच्या आणि अँटेनाच्या एकूण उंचीच्या दुप्पट अंतर धरा. तारेला अँटेना लागून माणसं गेलेली आहेत. खांबाला आठ फुटांचा अर्थिंग रॉड, तो घराच्या अर्थिंगला जोडलेला, आणि केबलवर लाइटनिंग अरेस्टर. तरीही विजा कडाडायला लागायच्या आधीच मी केबल सेटमधून काढून ठेवते.

एक सूचना. इथे अनेक सोसायट्यांचे स्वतःचे कडक नियम असतात. डिश अँटेनाला कायद्याचं जे संरक्षण आहे, ते सीबीच्या अँटेनाला नाही. घर घेताना कागद वाचा. आमचं घर जुनं, सोसायटी नाही, त्यामुळे वाचलो.

घरातले भुतं

सगळं जोडून सेट सुरू केला आणि आला नुसता खरखराट. आजोबा हसले आणि म्हणाले, ‘आता तुझं घर काय बोलतंय ते ऐक.’ मग आम्ही घरातले ब्रेकर एकेक करून बंद करत गेलो. स्वस्तातला फोन चार्जर, जिन्यातले एलईडी दिवे, नवऱ्याची लाडकी ट्रेडमिल, सगळे २७ मेगाहर्ट्झवर भुतासारखे किंचाळत होते. चार्जर बदलला, दिवे बदलले. ट्रेडमिल तशीही कुणी वापरत नव्हतं. खरखर उतरली आणि तिच्यामागून माणसांचे आवाज वर आले. दोन मैलांवरच्या इंटरस्टेट ८० हायवेवरून जाणारे ट्रकवाले, चॅनल १९ वर. काय वाटलं सांगू? दिवाळीच्या सकाळी खिडकी उघडल्यासारखं.

आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. ‘अगं, घरात वायरलेस? पोलीस येतील!’ तिच्या पिढीला वायरलेस म्हणजे फौजदाराची जीपच आठवते.

मिसळ की मिसाइल?

सीबीवर खरं नाव, पत्ता सांगत नाहीत. टोपणनाव घ्यायचं, त्याला ‘हँडल’ म्हणतात. मी अभिमानाने ‘मिसळ’ घेतलं. पलीकडच्याला ऐकू आलं ‘मिसाइल’! तेव्हापासून आय-८० वर मी मिसाइल आहे. विमानतळावर हे नाव सांगायचं नाही, एवढं पथ्य पाळते.

भाषा तर अशी सॉलिड, की पुलंनी नक्की टिपून ठेवली असती. पोलीस म्हणजे ‘अस्वल’. रस्त्यावर पडलेला टायरचा तुकडा म्हणजे ‘मगर’. ट्रकचा वजनकाटा म्हणजे ‘कोंबड्यांचं खुराडं’. ‘टेन-फोर’ म्हणजे कळलं, ‘ट्वेंटी’ म्हणजे तू कुठे आहेस. शिष्टाचार सोपे. आधी ऐका, मग बोला. चॅनल ९ तातडीच्या मदतीसाठी, तिथे गप्पा नाहीत. आणि पाच मिनिटांच्या वर सलग बोलायचं नाही, नंतर किमान एक मिनिट दुसऱ्याला वाट द्यायची, असा चक्क नियमच आहे. आपल्या टीव्हीवरच्या चर्चांना हा नियम लावला तर?

पण सगळंच गोडगोड नाही. सीबीवर चेहरा दिसत नाही, उच्चार मात्र लगेच कळतो. पहिल्याच आठवड्यात मी ‘रेडिओ चेक’ विचारलं तर एकाने कॉल सेंटरची नक्कल केली. दुसऱ्याने ‘घरी परत जा’ म्हणून सांगितलं. मी तर घरीच बसले होते! मी माइक खाली ठेवला आणि दहा दिवस नुसतं ऐकलं. ऑफिसमध्ये असं कुणी बोललं असतं तर एचआर होतं. इथे मी आणि एक बटण. बंद करणं सोपं होतं.

ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. या चॅनलवर पत उच्चाराने ठरत नाही, बातमीने ठरते. ‘मैल २९५, उजवी लेन बंद’ एवढं बरोबर सांगणारा माणूस पंजाबी आहे, पोलिश आहे की टेक्सासचा, कुणाला पडलेली नसते. आय-८० वर पंजाबी ड्रायव्हर भरपूर, आणि त्यांचं इंग्रजी माझ्याहून काही वेगळं नव्हतं. ते बिनधास्त बोलत होते. मग मीही खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाची, पावसाची बातमी द्यायला लागले. नक्कल करणारे अजूनही अधूनमधून येतात. मी पुढची बातमी देते.

त्या रात्री गुगल मॅप लाल होता

नवरा आयोवा सिटीतल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आय-८० वरून पन्नासेक मैल. जानेवारी २०२४ च्या हिमवादळात एका रात्री तो निघाला आणि अर्ध्या वाटेवर मॅपवर लाल रेघ उमटली. लाल रेघ एवढंच सांगते की गाड्या थांबल्यात. का थांबल्यात, किती वेळ, सुटायची वाट आहे का, हे तिला माहीत नसतं.

मी चॅनल १९ वर विचारलं. मैल २८४ ला वॉलकॉट आहे, तिथे जगातला सर्वांत मोठा म्हणून मिरवणारा ‘आयोवा ८०’ ट्रक स्टॉप. तिथे गाडी लावून बसलेल्या एका ड्रायव्हरला माझा आवाज पोचला. त्याला पुढच्यांचा आवाज येत होता, मला नाही. तो मधे उभा राहिला आणि निरोप पोचवत गेला. मैल २७७ जवळ ट्रक आडवा झालाय, दोन्ही लेन बंद, पुढचं काही दिसत नाही, २७१ च्या एक्झिटला उतरून विल्टनमध्ये थांबा. मी नवऱ्याला फोन केला. तो २६८ वर होता. तो उतरला, गॅस स्टेशनवर कॉफी पीत रात्र काढली आणि सकाळी घरी आला.

मी मात्र माइक सोडला नाही. रात्री एक वाजेपर्यंत, दर दहा मिनिटांनी, पश्चिमेकडे निघालेल्या ट्रकना तेच सांगत बसले. ‘२७७ बंद आहे, वॉलकॉटला थांबा.’ पलीकडून ‘टेन-फोर, मिसाइल, थँक यू’. किती जण थांबले, मोजलं नाही. त्यांचे चेहरे मी कधी पाहणार नाही. पण सात वर्षांत पहिल्यांदाच माझ्या व्हिसाची, डिग्रीची, कंपनीच्या बॅजची चौकशी न करता या मुलखाला माझा उपयोग झाला होता. फोनने मला पुण्याशी जोडून ठेवलं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मी राहते त्या जागेशी मला या डब्याने जोडलं.

आणि हो, एसएसबी

त्याच वर्षी वसंतात आजोबा मुलीकडे अ‍ॅरिझोनाला राहायला गेले. जाताना खांब मला दिला, सेट बरोबर नेला. सूर्यावर डाग वाढले, की आकाशातला विद्युतभारित थर सीबीच्या लहरी परत जमिनीकडे वाकवतो आणि ४ वॉटचा आवाज हजार मैल उडी मारतो. याला ‘स्किप’ म्हणतात. सूर्याचं ते चक्र २०२४ च्या सुमारास शिगेला होतं. पूर्वी इथे १५५ मैलांच्या पलीकडे सीबीवर बोलायला बंदी होती, ती २०१७ मध्ये उठली. एका दुपारी चॅनल ३८ वर, लोअर साइडबँडमध्ये, तेराशे मैलांवरून ओळखीचा खोकला आला. ‘मिसाइल, खांब सरळ आहे ना?’ दोन मिनिटं बोलणं झालं आणि आवाज विरून गेला. फोन करता आला असता की! आम्ही दोघंही करत नाही. पुढच्या उडीची वाट बघतो.

भारतात जमेल का?

हा प्रश्न प्रत्येक मित्र विचारतो. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा सीबीचा पट्टा २००५ मध्ये लायसन्समुक्त झाला, ताकदीची मर्यादा ५ वॉट. पण लक्षात घ्या, अमेरिकन सेटची फक्त १ ते २७ चॅनल या पट्ट्यात बसतात, २८ ते ४० बाहेर पडतात. शिवाय वायरलेस सेट देशात आणायला वेगळे नियम आहेत. म्हणून परदेशातून सेट बॅगेत टाकून आणू नका, आधी दूरसंचार खात्याच्या अटी वाचा. आणि मनापासून आवड असेल तर सरळ हॅमची परीक्षा द्या. अंदमानात २००४ ची त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये आलेल्या हॅम मंडळींनीच बाहेरच्या जगाला निरोप पोचवले होते.

तोवर इकडे कधी आलात आणि आय-८० वर मैल २९५ च्या आसपास असाल, तर चॅनल १९ वर ‘मिसळ’ म्हणून हाक मारा. तर्री मी तयार ठेवते. पाव मात्र तुम्ही आणा. टेन-फोर!